दिनूची फेक, माझी गाठ

४ नोव्हें. २०१६, शुक्र.

मस्कतजवळच्या सीबच्या किनाऱ्यावर गेलो. ऊन उतरल्यावर निघालो ते दिवे लागेपर्यंत. वैशाली नि रिया गाडीतच. सुनेला वाळू चावते, नातीला मोबाइल सोडत नाही. मी खुर्ची टाकून पाण्याजवळ.

माझ्या लेकाचा, दिनूचा, नवा रॉड माणसाच्या दुप्पट उंच. म्हटलं गरवायला आलायस की गुढी उभारायला? आमच्याकडे गरवायचं म्हणजे बोटाला नायलॉनचा तंगूस गुंडाळायचा, गरीला पेडवा मासा लावायचा नि खडकावर बसायचं. हा धावतो, कमरेत पिळा घेतो, रॉड वाकतो आणि दोरीच्या टोकाचं शिसं गुंई करून जातं. पडलेलं दिसतसुद्धा नाही. मग हा तिकडे बघत उभा, तोंड उघडं.

त्याचा दोस्त सलीम. ओमानी. शाळेची बस चालवतो, शुक्रवारी इथे. दिनूपेक्षा मोठा असेल, दाढी पिकायला लागलीय. अंगरखा गुडघ्याच्या वर खोचून फेकतो, ते दिनूच्याही पुढे. हे सगळं त्यानेच शिकवलं म्हणे. मला उम्मी म्हणतो, म्हणजे आई. हिंदी बरी बोलतो, माझ्यापेक्षा बरी.

मी दिनूला म्हटलं, "मासो पायाशी फिरता नि तू शिसां इराणाक धाडतंस."

दिनूने हिंदीत सांगितलं. सलीम हसून हसून बर्फाच्या पेटीवर बसला. "उम्मी, इरान का मच्छी मीठा है!"

मिळाली एक मुशी, हाताएवढी. ती पण सोडली. घरी येऊन कोंबडी खाल्ली.

७ नोव्हें.

रॉडच्या दोरीला ब्रेड म्हणतात. खायचा नव्हे. केसासारखी बारीक, विणलेली, हिरवी. दिनूने जुनी म्हणून काढून ठेवली होती, मी बाल्कनीत पेडवे खारवून तिच्यावर ओवले. मजबूत एकदम. पण ओढताना बोट कापलं, सुरीने कापावं तसं. दिनूने त्याची चामड्याची टोपी दाखवली, बोटात घालायची. "म्हणान ही लागता, आये. तुझ्या सुताची सवय हय चालणा नाय."

खालच्या वॉचमनने वासाची तक्रार केली. पेडवे उतरवले. वैशाली काही बोलली नाही, खिडक्या मात्र सगळ्या उघडल्या. न बोलता बोलायची कला पुण्याकडे चांगली.

११ नोव्हें., शुक्र.

आज दिनूचं शिसं पट्टीच्या पलीकडे गेलं. पाण्याखाली वाळूची लांब पट्टी आहे, लाट तिच्यावर फुटते. पलीकडे खोल. मोठी शेरी मासळी तिथे फिरते, अलीकडे येत नाही. सलीमचं दर वेळी जातं, दिनूचं आज पहिल्यांदा. हा ओरडला, "आयेऽ, गेला गो!" चाळिशी ओलांडलेला बाप्या.

मी म्हटलं, "गेला ता दिसला. येतला काय घेवन?"

तोंड पडलं त्याचं. मी बघितलं पडलेलं.

येताना गाडीत वैशाली हळूच म्हणाली, "आई, एकदा तरी छान म्हणा ना त्यांना."

मी म्हटलं मासा आणू दे, मग म्हणते.

म्हणायला हवं होतं. काय बिघडत होतं माझं. तोंडात येतं ते वाकडंच येतं आणि सरळ येईपर्यंत गाडी घरी पोचते.

१४ नोव्हें.

कंपनीत पुन्हा माणसं काढली. दिनू साइटवर गोडाऊन बघतो. मस्कतमधली कामं बंद होत आलीत. उरलेल्यांना एक तर घरी धाडतात नाहीतर दुक्मला. दुक्म म्हणजे लांब, दिवसभराची गाडी, रिफायनरी नि बंदर, सगळे पुरुष, कॅम्पात राहायचं. बायकापोरं नाहीत.

दिनू जेवताना फोनकडे बघतो. घास कुठे जातोय ते त्याला कळत नाही. शुक्रवारी तेवढा माणसात असतो.

१७ नोव्हें., गुरु.

उद्या ह्यांचा राष्ट्रीय दिवस. गाड्यांना झेंडे, सगळीकडे लाल-हिरवे दिवे. सीबला सलीमने लांब फेकायची गंमत ठेवलीय, ज्याचं शिसं जास्त लांब तो जिंकला. मासा नाही, गरी नाही, नुसतं शिसं. त्याचे चुलतभाऊ, दोन मल्याळी, एक फिलिपिनो, आमचा दिनू. दिनू दोन दिवस मुलासारखा. "आये, सलीम म्हणता माझी फेक सगळ्यात सरळ."

संध्याकाळी तो अंघोळीला गेला. रॉड हॉलमध्ये आडवा, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी बारीक दोरी जिथे जाड तंगूसाला जोडतात ती जागा बघितली. फेकताना सगळा जोर तिथेच येतो, म्हणून पुढे जाड तंगूस लावतात, एवढं मला कळलंय. बघते तर गाठच नाही. नुसती दोरी तंगूसावर गुंडाळलेली, आडवी-तिडवी, शेवटी काहीतरी किरकोळ. घाईत अर्धवट सोडलंन मेल्यान.

जाळी विणण्यात माझा जन्म गेला. हे असते तर तेच सांगते, माझी गाठ खाडीवर कोणाला सुटली नाही. कापून आमच्या पद्धतीने चांगली आवळून बांधली. थुंकी लावून. दातात धरून ओढली. पायात अडकवून ओढली. हलली नाही.

सांगणार होते त्याला. तेवढ्यात कंपनीचा फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला.

१८ नोव्हें.

सलीमचा हात मोडला. डावं मनगट.

दिनूच्या फेकीने.

आज लिहवत नाही.

१९ नोव्हें., शनि.

लिहिते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

गर्दी होती. झेंडे, पोरं, भज्यांचा वास. सलीम बाजूला उभा, हातात कापडाची निशाणी, शिसं कुठे पडतं ते बघायला. दोघांची फेक झाली. मग दिनू. काल मी ठरवून गेले होते, कसंही गेलं तरी बरं म्हणायचं. धावला, पिळा घेतला. फटाका फुटल्यासारखा आवाज. दोरी रिकामी हवेत, आणि शिसं समोर न जाता बाजूला.

सलीमने हात तोंडापुढे धरला म्हणून. नाहीतर

खाली बसला. ओरडला नाही. हात उलटा लोंबत होता. चुलतभाऊ दिनूच्या अंगावर धावून आले, सलीमनेच बसल्या जागेवरून त्यांना ओरडून थांबवलं. दवाखान्यात पोलीस विचारतात, कसं लागलं. सलीम म्हणाला, खडकावर पडलो. दिनूचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर काय झालं असतं ते दिनूच्या तोंडावर लिहिलेलं होतं. परदेशी माणूस, नोकरी आधीच अशी.

मी पुढल्या सीटवर. वैशाली-रियाला आधी घरी सोडलं होतं. गाडीत दोघंच. मी म्हटलं, "दिनू, ती गाठ माझी. तुझी कापून मी बांधलंय."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "ठावक आसा. शेंडो बघितलंय दोरयेचो. तुझी गाठ मी खंयपण वळखतंय."

"मगे सलीमाक तू काय सांगलंस?"

"माझी गाठ सुटली म्हणान सांगलंय."

"मी सांगतंय त्येका उद्या."

"तू गप रव. तोंडातून शब्द काढू नको. आवशीक रॉडाक हात लावूक देता म्हणान सगळे माका हसतले, आणि ते भाव तुका काय बोलतले ता तुका नाय कळूचा."

मग सांगितलं, शांतपणे, ओरडला असता तर बरं होतं. ती अर्धवट नव्हती. ती तशीच असते. ब्रेड गुळगुळीत असते, गाठ मारली की ती गाठच दोरीला कापते. म्हणून गाठ मारतच नाहीत, विणत जातात, जेवढं ओढाल तेवढं घट्ट बसतं. हाताने ओढून कळत नाही. फेकीच्या जोरातच कळतं.

कळलं.

२२ नोव्हें.

दोन दिवस तोच विचार. रागावलाय म्हणावं तर रागावला नाही. सकाळी चहा विचारतो, औषध घेतलं का विचारतो. माझ्याकडे बघत नाही एवढंच.

वैशालीला माहीत नाही. तिलाही सांगायचं नाही म्हणाला.

२५ नोव्हें., शुक्र.

सीबला गेलो नाही. दिनूने रॉड बाल्कनीत नेऊन चादरीत गुंडाळला, मयताला गुंडाळावं तसा.

दुपारी सलीमच आला. हात प्लास्टरात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातात हलव्याचा डबा, काहव्याचा, म्हणजे त्यांच्या कॉफीचा, थर्मास. ज्याला लागलं तोच मिठाई घेऊन आला. चुलतभाऊ गाडी चालवत होता, तो वर आला नाही.

दिनू त्याच्यापुढे मान खाली घालून. "सलीम भाई, मेरा गलती. मैंने गाँठ बराबर नहीं बाँधा."

सलीम म्हणाला, "मालेश, मालेश, जाने दो. मैं भी सीखने के टाइम डोरी बहुत दफा तोड़ा. अल्ला ने हाथ लिया, आँख नहीं लिया. यल्ला, अगला शुक्रवार आओ. मैं फेंकेगा नहीं, तुम फेंको, मैं बैठ के गाली देगा."

दिनू हसला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात. सलीमने मला बघून डोक्याला हात लावला. "उम्मी, बोलो कुछ. आज मिर्ची नहीं?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. दिनूने मान वर केली. गिळला.

काहवा कडू होता. बरा वाटला.

१ डिसें.

दुक्म ठरलं. शनिवारी जायचं. दोन वर्षांचं म्हणतात, नंतर बघू. सुट्टीत यायचं.

वैशाली बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. नळ बंद केला की डोळे पुसून बाहेर येते नि म्हणते, आई, कांदा. बाथरूममध्ये कांदा. मी मान हलवते. रिया म्हणते, "आजी, पपा विल बी... पपा तिकडे बीचजवळ राहणार ना? मग चांगलं आहे ना?" म्हटलं हो, चांगलं आहे.

दिनूला म्हटलं रॉड घेऊन जा. तिथे म्हणे मोठा समुद्र, आपला, अरबी, भारतापर्यंत मध्ये काही नाही. इथल्यासारखा पलीकडे इराण नाही. किनाऱ्यावर माणूस नाही कोणाला लागायला.

म्हणाला, "हात उचलणा नाय, आये. पिळा घेतलंय काय तो हात दिसता लोंबणारो."

३ डिसें., शनि.

गेला. बसपर्यंत वैशाली गेली. मी वरून बघितलं. दोन बॅगा नि एक उशी. उशी कशाला घेतलीन कोण जाणे. त्याची मान दुखते म्हणून असेल. मी विचारलं नाही कधी.

रॉड बाल्कनीत.

९ डिसें., शुक्र.

दिनूचा फोन रोज. वैशालीशी बोलतो, रियाशी बोलतो, मग मला, "जेवलंस?" "जेवलंय." "बरा." झालं.

सलीमचा फोन उचलत नाही म्हणे. वैशालीला सलीमने विचारलं, दिनेस बिमार है क्या? वैशाली मला म्हणते, "असं का करतात हो हे? तो बिचारा अजून प्लास्टरमध्ये, आणि ह्यांनाच राग?"

राग नाही. खोटं बोलल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. माझ्यासाठी बोलला आणि दोस्त घालवला.

१३ डिसें.

वैशाली मदिनत सुलतान काबूस वस्तीत एका डॉक्टरच्या दवाखान्यात बसते, नावं लिहायला. आज मला घेऊन गेली बी.पी. बघायला. डॉक्टर म्हणाला मीठ कमी करा, बोलणं कमी करा. मीठ करीन म्हटलं.

बी.पी. वाढलंय कशाने ते त्याच्या मशीनला दिसत नाही.

१६ डिसें., शुक्र.

आज वैशालीला म्हटलं मला सीबला सोड. ती म्हणाली एकट्या काय करणार? म्हटलं समुद्र बघणार. सोडलंन. रियाला घेऊन सामान आणायला गेली.

सलीम होता. फेकता येत नाही, तरी येऊन बसतो. चुलतभाऊ लांब फेकत होते. मी जवळ जाऊन बसले. त्याने खजूर दिले.

मी दिनूचा जाड तंगूस नि थोडी ब्रेड पिशवीतून नेली होती. म्हटलं, सिखाओ.

"उम्मी को मच्छी पकड़ना है?"

म्हटलं, "हाँ. बुढापे में शौक."

त्याचा एक हात प्लास्टरात, बोटं तेवढी बाहेर. दोरीचं एक टोक त्याने त्यांच्या गाडीच्या दाराच्या मुठीला बांधायला लावलं, दुसरं माझ्या दातात. ताण सुटता कामा नये, ताण सुटला की सगळं फुकट. मग तंगूस घेऊन एकदा वरून, एकदा खालून. सोपं. अबोलीची वेणी करताना हात जसा जातो तसा. फक्त मध्ये थांबायचं नाही. माझी बोटं लाकूड झालीत, पण दोरी ओळखतात. दोनदा सुटली, सलीम ओरडला, "ताण! उम्मी, ताण!" हा शब्द दिनूने शिकवला असणार. मग बसली. त्याने चांगल्या हाताने ओढून बघितलं, गाडी हलली एवढं. म्हणाला, "माशाल्ला. दिनेस को पंदरा दिन लगा था."

तिथे माझ्याने राहवलं नाही. इतकं हसून बोलला आणि दिनूचं नाव घेतलं. म्हटलं, "सलीम, वो दिन का गाँठ दिनू का नहीं था. मेरा था. मैंने काट के बाँधा. उसको मालूम नहीं था. बाद में मालूम पड़ा, तो मेरे वास्ते झूठ बोला."

मला वाटलं म्हणेल, मालेश. नेहमीसारखं.

म्हणाला नाही. समुद्राकडे बघत बसला. मग हळू म्हणाला, "तुम्हारा गाँठ, ठीक है उम्मी. तुम माँ है. लेकिन मैं उसके वास्ते पुलिस को झूठ बोला. मेरा भाई लोग को झूठ बोला. सबको. वो मेरे को एक सच नहीं बोल सका?"

उठला नि भावांकडे गेला. परत आला नाही. थर्मास माझ्याजवळच राहिला.

सांगायला नको होतं का. नाही सांगितलं असतं तरी... माहीत नाही. दिनू गप रव म्हणाला होता. त्याचं ऐकलं नाही मी, माझ्या पोटातलं हलकं करायला बघितलं. झालं हलकं. आता त्या दोघांच्या पोटात.

१८ डिसें.

दिनूचा फोन, वैशालीकडून थेट माझ्या हातात.

"सलीमाचो मेसेज इलो. सांगलंस तू त्येका?"

"सांगलंय."

"कित्याक?"

म्हटलं, "तू त्येचो फोन उचलणा नाय म्हणान."

"आता तोच करणा नाय. झाला समाधान?" असं कधी बोलला नव्हता. मग, "जेवलंस?"

म्हटलं, "नाय."

"जेव," म्हणाला नि ठेवलान.

२४ डिसें.

खाली सुपरमार्केटात नाताळचं झाड. वैशालीने केक आणला. वैशालीला मीच सगळं सांगितलं, आता लपवून काय. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं दोन शब्द सुनावेल, हक्क आहे तिचा. ती म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी सारखे आहात. तुम्ही चांगलं बोलायला लाजता, ते खरं बोलायला." आणि मला केकचा मोठा तुकडा दिला. बी.पी. असून.

पुणेरी असली तरी डोकं आहे.

२९ डिसें.

रोज ती वेणी घालायचा सराव करते. खिडकीच्या गजाला दोरी बांधून. रिया बघते. "आजी, व्हाय? पपा तर फिशिंग करत नाही आता." म्हटलं हात मोकळे ठेवले की आजीचं तोंड चालतं.

घातलेली कापते, परत घालते. जाळ्यात चूक झाली तर एक घर फाटतं, बाकी जाळं शाबूत. ह्यात तसं नाही.

६ जाने. २०१७, शुक्र.

बेल वाजली. सलीम. प्लास्टर निघालंय, मनगट बारीक झालंय, कोंबडीच्या पायासारखं. आत आला नाही. थर्मास मागितला. दिला.

मग म्हणाला, "रॉड दो."

मी म्हटलं कशाला?

त्याच्या बहिणीचा नवरा दुक्मकडून मासे आणतो, बर्फाची गाडी. रिकामी जाते, भरून येते. उद्या जाणार. "उसके कैंप का नाम बोलो. गेट पे छोड़ देगा."

मी बाल्कनीतून रॉड आणला. चादर सोडली. पुढचा जाड तंगूस मी आधीच जोडून ठेवला होता. त्याने बघितलं. खिशातून चाकू काढला नि कापून टाकला. मला म्हणाला, "फिर से. मेरे सामने."

दारातच बसले मी. दोरी दाराच्या कडीला. तो उभा. नजर माझ्या बोटांवर. झाल्यावर त्याने दोरी हाताला कापड गुंडाळून ओढली. आधी हळू, मग सगळं अंग मागे टाकून. बऱ्या हाताने. मग बारीक झालेल्या हाताने पण. दुखलं असणार, तोंडावर आलं.

टिकली.

मी विचारलं, "दिनू को फोन करेगा?"

म्हणाला, "उसके पास मेरा नंबर है, उम्मी."

काठी खांद्यावर टाकून जिना उतरला. लिफ्टमध्ये ती मावत नाही.

८ जाने.

माशांची गाडी पोचली असेल. दिनूने फोनवर काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वैशालीला म्हटलं तू विचार, ती म्हणाली, "नाही हं आई, हे तुमचं."

१३ जाने., शुक्र.

काही नाही.

वैशालीने मुटके केले, माझ्या सांगण्यावरून. दगड झाले. मी म्हटलं छान झालेत. ती घाबरली, म्हणाली आई, बरं नाही का वाटत?

२० जाने., शुक्र.

दुपारी फोन. ह्या वेळी करत नाही कधी. माझ्या नावाने मागितलान. वाऱ्याचा एवढा आवाज की अर्धं ऐकू येईना.

"खंय आसंस?" म्हटलं.

"दर्यार."

"एकटो?"

"एकटोच. हय कोण येता. उंट आसत दोन."

शेवटी म्हणाला, "रॉड मिळालो तुमचो." तुमचो म्हणाला. माझा नि सलीमचा.

"सलीम काय बोललो तुका?" विचारलं.

"कायच नाय. गेटार ठेवन गेले. चिठी नाय, फोन नाय." मग, "ती वेणी कोणी घातली? त्येणी?"

खोटं बोलता आलं असतं. त्याने घातलेली म्हटलं असतं तर विश्वासाने फेकलं असतं त्याने. म्हटलं, "मी. त्येच्या म्होरयात. त्येणी आधीची कापली नि परत घालूक लावलीन. मगे ओढून बघलीन. मोडलेल्या हातान."

"त्येका फोन कर," म्हटलं.

"काय म्हणान करू? तोंड खंय आसा माका?"

"मासो लागलो म्हणान सांग."

"लागलो नाय, आये. फेकलंयच नाय अजून. आठ दिस घेवन येतंय, उभो रवतंय, परत जातंय."

मला चांगलं काहीतरी बोलायचं होतं. शपथ. पट्टीपलीकडे गेलं होतं त्या दिवशी बोलले नाही ते. जिभेवर होतं. बाहेर आलं ते हेच, "मगे आधी टाक तरी, मेल्या! उंटाक लागाचा नाय!"

तो हसला की वारा होता, सांगता येत नाही.

फोन त्याने ठेवला नाही. कुठेतरी खाली ठेवलान बहुतेक, वाळूत, कारण आवाज बदलला. पावलं लांब गेली. मी फोन कानाला दाबून धरला. वैशाली पुढ्यात येऊन खुणेने विचारायला लागली, काय म्हणतायत? मी हात वर केला, गप म्हणून.

मग लाईन तुटली. तिकडे रेंज जाते येते.

वैशालीला म्हटलं, वारा आहे म्हणाला.